बटणं, टाके आणि साडेसहा: प्रकल्प नोंदी

प्रकल्पाचा विषय: कमी उत्पन्नाच्या कामगारांसाठी पैशांच्या व्यवहाराचे वर्ग. आठवड्यातून एकदा, पाळी सुटल्यावर सव्वा तास. शिवणकाम, साफसफाई, हमाली आणि पहारा अशी कामं करणारी माणसं. या नोंदींत कुणाचंही नाव नाही आणि पुढेही येणार नाही. इथे लिहिलेलं त्यांच्या घरातलं आहे, ते माझ्यापाशी विश्वासाने आलंय.

1 जुलै. तयारी

दोन दिवस वाचन केलं. सुरुवातीला सगळ्यांना काय येतं ते समजावं म्हणून अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या अर्थतज्ज्ञांचे तीन प्रश्न घेतले. अमेरिकेत 2004 साली पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना हे प्रश्न विचारले होते. पहिला चक्रवाढ व्याजाचा: 100 वर वर्षाला 2% व्याज मिळालं, तर पाच वर्षांनी 102 पेक्षा जास्त होतील, बरोबर 102 होतील की कमी? दुसरा महागाईचा: व्याज 1% आणि महागाई 2% असेल, तर वर्षाने त्याच पैशांत जास्त वस्तू येतील की कमी? तिसरा शेअरचा: एकाच कंपनीचा शेअर घेणं म्युच्युअल फंडापेक्षा सुरक्षित आहे का? तिन्ही बरोबर सांगणारे तिथेही जेमतेम एक तृतीयांश निघाले होते. जगभर हे प्रश्न वापरतात, म्हणून मीही मराठीत उतरवून छापून घेतले. फळ्यावर लिहायला एक म्हणही काढून ठेवली: अंथरूण पाहून पाय पसरावे.

8 जुलै. पहिलं सत्र. हजेरी 14

वाईट गेलं. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही.

प्रश्नपत्रिका वाटल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती विचार करणाऱ्यांची नव्हती. माना खाली गेल्या. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाच्या हातात आपण पहिल्याच दिवशी परीक्षेचा कागद दिला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दोघं उठून गेले. एका मावशींनी कागद कोराच परत केला, पण नीट चार घड्या घालून. त्या घड्या मला अजून दिसतात.

नंतर मी ती म्हण फळ्यावर लिहिली. मागच्या रांगेतले एक हमाल काका शांतपणे म्हणाले, “ताई, अंथरूणच आखूड आहे. पाय कुठे कापू?”

कुणी हसलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हण पुसली आणि विचारलं, “मग महिना कसा निघतो ते तुम्हीच सांगा.” उरलेली वीस मिनिटं ते बोलले आणि मी लिहून घेतलं. कुणाकडून किती उसने घेतलेत, कुणाला कधी द्यायचेत, कुणाचे आपल्याकडे यायचेत, कोणतं देणं चार दिवस लांबवता येतं आणि कोणतं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. इतके आकडे डोक्यात ठेवून मला महिना काढता आला नसता.

10 जुलै

रात्री पुन्हा वाचायला बसले, या वेळी उलट बाजूने: असे वर्ग घेऊन काही फरक पडतो का? फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर यांनी 2014 साली 168 शोधनिबंध एकत्र करून हिशेब मांडला होता. लोकांच्या पैशांच्या वागण्यात जे फरक दिसतात, त्यांतला जेमतेम 0.1% भाग अशा शिक्षणाने उलगडतो. कमी उत्पन्नाच्या गटांत परिणाम आणखी क्षीण. शिवाय वेळ जाईल तसा तो विरत जातो, तासन्‌तास शिकवलं तरी वीसेक महिन्यांनी जवळपास काही उरत नाही.

हे वाचून प्रकल्प सोडावा असं एकदा वाटलं. पण त्याच निबंधात पुढे वाट आहे: निर्णय समोर उभा असताना, त्याच वेळी, त्याच निर्णयापुरतं शिकवावं. म्हणजे घर भाड्याने घेण्याच्या आदल्या दिवशी घरभाड्याचा करार वाचायला शिकवावा, दहा वर्षं आधी नाही.

माझी दहा सत्रांची आखणी ‘अंदाजपत्रक, बचत, गुंतवणूक, विमा, निवृत्ती’ अशी पुस्तकी क्रमाने होती. ती बाजूला ठेवली.

15 जुलै. हजेरी 9

एकच प्रश्न: “या महिन्यात पैशांचा कोणता कागद किंवा कोणता मेसेज समोर आला आणि कळला नाही?”

खिशांतून, पिशव्यांतून, मोबाइलच्या कव्हरमागून कागद निघाले. पगाराच्या चार स्लिपा. कर्जाच्या हप्त्याचं एक कार्ड, कडा झिजून मऊ झालेलं. विम्याची एक पावती. विमा कशाचा आहे हे ती बाळगणाऱ्या दादांना माहीत नव्हतं, कर्ज घेताना त्यासोबतच मिळाला होता. बँकेचा मेसेज, किमान शिल्लक नसल्याने पैसे कापल्याचा.

आता अभ्यासक्रम हाच. जो कागद समोर येईल तो धडा.

एक नियमही स्वतःला घालून घेतला: कुणाच्याही कागदाचा फोटो काढायचा नाही, कागद माझ्याकडे ठेवून घ्यायचा नाही, कोणत्याही कंपनीचं किंवा योजनेचं नाव सुचवायचं नाही. कागदावर काय लिहिलंय ते सांगायचं आणि काय विचारायचं ते सांगायचं. निर्णय त्यांचा.

22 जुलै. पगाराची स्लिप. हजेरी 11

फळ्यावर तीनच शब्द लिहिले: ठरलेलं, कापलेलं, हातात आलेलं. प्रत्येकाने आपल्या स्लिपवर हे तीन आकडे शोधायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजाऱ्याने आकड्यावर बोट ठेवून दाखवायचं. आकडे सगळ्यांनाच वाचता येतात, हे इथे कळलं. अडतं ते आकड्यांच्या डावीकडच्या शब्दांवर.

पहिले हमाल काका, अंथरुणाबद्दल बोललेले, त्यांच्या स्लिपवर ‘इतर’ म्हणून कपात होती. तीन महिने, दर वेळी वेगळी रक्कम. त्यांना वाटत होतं ती उचल फिटतेय. पण उचलीचा रकाना वेगळा होता आणि त्यातही कपात होतीच. म्हणजे ‘इतर’ म्हणजे काय, हे खुद्द स्लिपच सांगत नव्हती.

मी सांगितलं की हा हक्काचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा वेतन संरक्षणाचा करार 1949 पासून आहे, क्रमांक 95. कपात कायद्याने किंवा सामूहिक कराराने ठरवलेल्या मर्यादेतच करावी आणि वेतनाचा तपशील कामगाराला कळावा, असं त्यात आहे. त्याच्याही आधी, 1831 मध्ये, ब्रिटनमध्ये कायदा करावा लागला होता, कारण मालक मजुरी नाण्यांत न देता आपल्याच दुकानातल्या मालाच्या रूपात देत. तेव्हाही मजुरी कुठे जिरते हे मजुराला कळत नव्हतं.

पहारा करणारे दादा म्हणाले, “करार बरोबर आहे हो. पण विचारलं आणि उद्या कामावर घेतलंच नाही तर?”

याचं उत्तर करारात नाही. मी तसं सांगितलंही. मग पाऊण तास आम्ही एवढ्यावरच घालवला: कसं विचारायचं. शेवटी त्यांनीच ठरवलं. एकट्याने जायचं नाही, दोघा-तिघांनी जायचं. ‘पैसे का कापले’ असं नाही, ‘हा आकडा मला समजावून सांगा’ असं म्हणायचं. आणि जाण्याआधी आपल्या हजेरीचा, खाड्यांचा आणि जादा पाळीचा आपला स्वतःचा हिशेब हातात हवा. त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायच्या: पूर्ण दिवसाला उभी रेघ, जादा पाळीला फुली, खाड्याला गोल.

29 जुलै. हजेरी 12

छोट्या वह्या वाटल्या. रोज आलेले आणि गेलेले पैसे लिहायचे. आठवडाभर करून बघायचं. मला फार आशा आहे.

5 ऑगस्ट. हजेरी 10

बारापैकी चार वह्या भरून आल्या. पाच कोऱ्या. दोन आल्याच नाहीत. एक वही शिवणकाम करणाऱ्या ताईंची. ती त्यांनी सगळे गेल्यावर माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “ही घरी नाही ठेवता येणार.”

मी विचारलं नाही. त्याच बोलल्या. त्या दर आठवड्याला थोडे पैसे बाजूला काढतात. घरात कुणाला माहीत नाही. माहीत झाले तर ते राहणार नाहीत. वही सापडली, आकडे वाचले गेले आणि दोन दिवस घरात त्याच्यावरून वाद झाला. “लिहिलं नव्हतं तोवर लपलेलं होतं,” त्या म्हणाल्या.

हे माझ्यामुळे झालं. हिशेब लिहिणं चांगलंच असतं असं मी गृहीत धरलं होतं, कारण माझी वही माझ्या घरात कुणी उघडत नाही. कमावणाऱ्याच्या हातात पैसे येणं आणि ते त्याच्या हातात राहणं यांच्यामध्ये घर असतं, हे मला सुचायला हवं होतं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ‘असू दे’ म्हटलं, पण वही परत नेली नाही. भरलेली पानं आम्ही दोघींनी मिळून फाडली.

यापुढे वही ऐच्छिक. हवी असेल त्याने इथल्या कपाटात ठेवायची, किल्ली त्यांच्यातल्याच एकीकडे.

12 ऑगस्ट. कर्जाचा हप्ता. हजेरी 13

आजचं सविस्तर लिहिते, कारण आज पहिल्यांदा वर्ग माझा न राहता त्यांचा झाला.

झिजलेलं हप्त्याचं कार्ड एका मावशींचं. पहिल्या दिवशी कोरा कागद घडी घालून दिला होता त्याच या. त्यांना सांगितलेलं: “महिन्याला शेकडा दोन, सोपं आहे.” कर्ज 12,000, बारा हप्ते, प्रत्येक हप्ता 1,240.

मावशींचा हिशेब असा: शेकडा दोन म्हणजे 12,000 वर महिन्याला 240. बारा महिन्यांचे 2,880. मुद्दल 12,000. एकूण 14,880. भागिले बारा, 1,240. बरोबर. “मग यात कळण्यासारखं काय राहिलं?” त्यांनी विचारलं.

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी पिशवीतून बटणं काढली. कामावर तुटकी-फुटकी निघतात ती. मी बारा बटणं मावशींसमोर ठेवली. एक बटण म्हणजे एक हजार. “हे कर्ज तुमच्या हातात आलं. आता पहिला हप्ता. 240 व्याज आणि 1,000 मुद्दल. एक बटण मला परत द्या.”

दिलं.

“आता तुमच्याकडे किती?”

“अकरा.”

“आणि पुढच्या महिन्यात व्याज किती देणार?”

“दोनशे चाळीस.”

“किती बटणांवरचं?”

मावशी थांबल्या. बटणांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बारावरचंच.”

पुढचं मला सांगावं लागलं नाही. त्या एकेक बटण सरकवत गेल्या आणि दर वेळी मोठ्याने म्हणत गेल्या: दहा, व्याज बाराचं. नऊ, व्याज बाराचं. शेवटी समोर एकच बटण राहिलं. त्यावर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या. “या एकट्यावर पण 240?” एका हजारावर महिन्याचं 240. शेकडा चोवीस. खोलीत कुणी बोलेना.

मग हमाल काकांनी विचारलं, “म्हणजे वर्षभर सरासरी किती बटणं होती त्यांच्याकडे?” हा प्रश्न मी विचारणार होते. बारा, अकरा, दहा असं एकपर्यंत मिळवलं, 78 आले. भागिले बारा, साडेसहा. म्हणजे व्याज 12,000 वर भरलं आणि हातात सरासरी 6,500 च होते. 2,880 ला 6,500 ने भागलं तर 44% येतात. पहिल्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी धरून नेमकं गणित केलं, तर साधारण 42% बसतात. बटणांनी काढलेलं उत्तर त्याच्या फार लांब नाही. वर्षाला 24% म्हणून घेतलेलं कर्ज खरं 42 च्या घरात होतं.

याला फ्लॅट व्याज म्हणतात. दुसरी पद्धत घटत्या शिलकीवरच्या व्याजाची, जितकं मुद्दल उरलंय तितक्यावरच. त्याच ‘शेकडा दोन’ने घटत्या शिलकीवर हप्ता साधारण 1,135 येतो आणि वर्षभराचं व्याज 1,617 च्या आसपास. फरक 1,263, म्हणजे एका हप्त्यापेक्षा जास्त. दर दोन्हीकडे तोच, शब्द तेच.

मावशींना सावरावं आणि बरं वाटेल असं काही बोलावं असं मला वाटलं, पण त्याच म्हणाल्या, “मला कुणी फसवलं नाही. मी विचारलंच नव्हतं. कारण काय विचारायचं हेच माहीत नव्हतं.”

मला यात एक दुरुस्ती करावीशी वाटते. न विचारणारा चुकला असं मी मानत नाही. ज्याला माहीत आहे त्याने आपणहून सांगायला हवं होतं. पण ते सांगतील याची वाट बघत बसता येत नाही, म्हणून आम्ही प्रश्न तयार केले आणि सगळ्यांनी ते पाठ केले. हातात नक्की किती पडतील? एकूण परत किती द्यायचे? व्याज उरलेल्या मुद्दलावर की पूर्ण मुद्दलावर? हप्ता चुकला तर काय? लवकर फेडलं तर व्याज कमी होईल का? दर विचारायचाच नाही असं नाही, पण तो शेवटी. दरात शब्द लपतात, एकूण रकमेत लपायला जागा कमी.

19 ऑगस्ट

सत्र झालं नाही. जादा पाळी लागली. तिघीच आल्या, पाणी पिऊन बसल्या, लवकर गेल्या.

एकटी बसून वेळापत्रकाचा विचार केला. मागच्या नोंदी बघितल्या तर पगाराच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक वेळी लक्ष उडालेलं दिसतं. हे आळसाने होत नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला: तीच माणसं, तीच कोडी, एकदा तोडणीच्या आधी पैशांची ओढाताण असताना आणि एकदा नंतर पैसे हातात आल्यावर. आधी त्यांची उत्तरं लक्षणीय कमी पडली. डोक्यात जागाच उरत नाही. इथून पुढे अवघड विषय पगारानंतरच्या आठवड्यात, हलके विषय महिनाअखेरीला.

26 ऑगस्ट. भिशी. हजेरी 15

विषय त्यांनी मागितला. खोलीतले नऊ जण कुठल्या ना कुठल्या भिशीत आहेत.

मी सांगितलं की हे फक्त आपल्याकडे नाही. मेक्सिकोत तांदा, घानात आणि कॅरिबियन बेटांवर सुसू, इथिओपियात इकुब, इंडोनेशियात अरिसान. सगळीकडे तीच रीत: ठरावीक जणांनी ठरावीक रक्कम काढायची, दर वेळी एकाने उचलायची. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने 1962 साली लिहिलं होतं की ही मधली पायरी आहे, रीतसर बँका आल्या की मागे पडेल. साठ वर्षं उलटून गेली, बँकांची खाती सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आली, आणि आज माझ्यासमोर नऊ जण भिशीत होते.

का, ते काकांनी बटणांवर दाखवलं. त्यांनी स्वतः बटणं मागून घेतली. बारा जण, दर महिन्याला प्रत्येकी 500, उचल 6,000. एकट्याने साठवले तर 6,000 व्हायला बारा महिने. भिशीत पहिल्याला पहिल्या महिन्यात, दुसऱ्याला दुसऱ्या, शेवटच्याला बाराव्या. शेवटच्याचं नुकसान काही नाही, एकट्याने साठवले असते तरी तेवढेच महिने लागले असते. बाकी अकरा जणांना आधी मिळाले. “सरासरी काढा,” काका म्हणाले. काढली.

पुन्हा साडेसहा.

मावशी म्हणाल्या, “तिथे साडेसहाने घेतलं, इथे साडेसहाने दिलं.” मी हे वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवलं. त्यांच्या परवानगीने इथे लिहितेय.

भिशीत धोका असतो तोही बोललो. आधी उचललेला माणूस पुढचे हप्ते बंद करतो तेव्हा भिशी फुटते, आणि मार शेवटच्या नंबरवाल्यांना बसतो. त्यामुळे अनोळखी माणसांची, मोबाइलवरून चालवलेली, ‘दुप्पट मिळतील’ म्हणणारी असेल तर ती भिशीच नव्हे. भिशीत पैसे वाढत नाहीत, फक्त आधी मिळतात. वाढवून देतो म्हणणारा नव्या माणसांच्या पैशांतून जुन्यांना देत असतो. नवे यायचे थांबले की सगळं थांबतं.

बचत करणाऱ्या ताईंना भिशी का आवडते, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं: “पैसे घरात नसतात.”

2 सप्टेंबर. हजेरी 12

जामीन. पहारा करणाऱ्या दादांनी सोबत्याच्या कर्जावर सही केली होती. सोबती काम सोडून गेला. आता फोन दादांना येतात. त्यांची समजूत अशी होती की आपण साक्षीदार आहोत: ‘मी याला ओळखतो’ एवढंच आपण लिहून दिलं.

साक्षीदार आणि जामीनदार यांतला फरक एवढाच आणि एवढा मोठा आहे. साक्षीदार सांगतो की सही माझ्यासमोर झाली. जामीनदार सांगतो की याने नाही दिले तर मी देईन. कागदावर दोघांच्या सह्या सारख्याच दिसतात, जागाही बऱ्याचदा शेजारी-शेजारी असते. म्हणून सही करण्याआधी सहीच्या रेघेखालचा शब्द वाचायचा किंवा वाचून घ्यायचा. आज बाकी काही शिकवलं नाही, तो एक शब्द सगळ्यांनी अक्षर न अक्षर बघून ओळखायला शिकला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही. चार अक्षरांचा आकार लक्षात ठेवता येतो: जा, मी, न, दा. पुढचा ‘र’ आपोआप येतो.

दादांच्या बाबतीत पुढचं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मोफत कायदेशीर सल्ला मिळतो तिथे कागद घेऊन जायला सांगितलं. सोबत मी जाणार आहे, पण बोलणार तेच.

9 सप्टेंबर. हजेरी 14

पैसे गावी पाठवणं आणि मोबाइलवरची फसवणूक. दोन्ही विषय भराभर झाले, कारण यात ते माझ्यापेक्षा सावध आहेत. तीन गोष्टी फळ्यावर राहिल्या. पैसे यायचे असतील तर आपला पिन कधीच द्यावा लागत नाही. घाई करणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा, आणि खरंच बँकेचा वाटला तर पासबुकवरच्या नंबरवर आपण फोन करायचा. पाठवण्याचा खर्च म्हणजे फक्त शुल्क नव्हे: परदेशातून पाठवताना चलन बदलण्याच्या दरातही तो लपलेला असतो. देशोदेशी पैसे पाठवण्याचा खर्च 2030 पर्यंत 3% च्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत लिहिलंय. आज तो जगभर सरासरी त्याच्या दुप्पट आहे. भाऊ परदेशात मजुरी करतो अशा एक ताई वर्गात आहेत, त्यांनी हे लिहून घेतलं.

सत्र संपल्यावर शिवणकामवाल्या ताई थांबल्या. ब्लाउजच्या कापडाची एक बोटभर रुंद पट्टी दाखवली. तिच्यावर धावदोऱ्याचे टाके होते, पांढरे आणि निळे. पांढरा टाका म्हणजे एका आठवड्याची बचत. निळा म्हणजे भिशीचा हप्ता. मोठी रक्कम असेल तिथे टाका लांब. चुकलेल्या आठवड्याला जागा सोडलेली. “शिवणाच्या डब्यात असते. कुणाला काय कळणार? चिंधी आहे.”

मी ती पट्टी हातात घेतली तेव्हा त्यांनी एक सोडलेली जागा दाखवली: वहीवरून वाद झाला तो आठवडा.

इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात शेकडो वर्षं लाकडाच्या काठ्यांवर खाचा पाडून हिशेब ठेवत. रकमेप्रमाणे खाच रुंद किंवा अरुंद. मग काठी उभी चिरायची, एक अर्धी देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. 1826 पर्यंत ही पद्धत चालली. 1834 मध्ये जुन्या काठ्या जाळताना भट्टी इतकी तापली की त्या आगीत पार्लमेंटची इमारत गेली. हे मी ताईंना सांगितलं. त्यांना आग फार आवडली नाही, पण खाच लहान-मोठी करण्याचं मात्र पटलं. “आपलंच आहे की,” म्हणाल्या.

16 सप्टेंबर. हजेरी 11

आज शिकवणं कमी. साफसफाईचं काम करणाऱ्या एका काकांचा फोन रविवारी आला होता. कर्ज देणारा माणूस समोर बसलेला, कागद समोर, आणि काका मला फोनवर हळूच विचारत होते, “पोरी, ते प्रश्न परत सांग.” मी सांगितले. त्यांनी फोन चालूच ठेवून एकेक विचारला.

मंजूर 20,000. व्याज महिन्याला शेकडा दीड, पूर्ण मुद्दलावर. दहा हप्ते, प्रत्येकी 2,300. प्रक्रिया शुल्क 600, आधीच कापणार. पहिला हप्ताही आधीच कापणार. म्हणजे हातात पडणार 17,100 आणि पुढच्या नऊ महिन्यांत द्यायचे 20,700. कागदावर कुठेही 17,100 हा आकडा नव्हता. तो काकांच्या पहिल्या प्रश्नाने बाहेर आला.

मग काका म्हणाले, “मला आठच हजार हवे होते.” 20,000 घ्यायचं त्यांनी ठरवलं नव्हतं, ‘मंजूर झालेत’ म्हणून ते घेत होते.

आज त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की शेवटी 10,000 घेतले, त्याहून कमी मिळत नव्हते. पहिला हप्ता आधी कापू नका म्हणाले, ते ऐकलं नाही. शुल्क कमी झालं, ते मात्र विचारल्यावर लगेच. कर्ज महागच आहे. पण ते घ्यावं लागलं, पर्याय नव्हता, आणि त्यांना ते किती महाग आहे ते आकड्यात माहीत आहे.

माझ्या मनात हा विषय मिटलेला नाही. महाग कर्ज ओळखता येणं आणि स्वस्त कर्ज मिळणं यांत मोठं अंतर आहे, आणि दुसरं मी कुणाला शिकवू शकत नाही. हमाल काकांचं अंथरूण अजून तेवढंच आहे. प्रकल्पाच्या अहवालात ‘परिणाम’ नावाचा रकाना भरायचाय, तिथे मी हेही लिहिणार आहे.

‘इतर’ कपातीचं: तिघं मिळून गेले होते. एका महिन्याची रक्कम परत मिळाली, दोन महिन्यांची ‘बघू’ म्हणून राहिली. पुन्हा जाणार आहेत.

पुढच्या आठवड्यासाठी: मावशींच्या शेजारणीचं कार्ड येणार आहे, चोवीस हप्त्यांचं. मावशीच समजावणार म्हणाल्यात, मी बाजूला बसायचं. बटणं चोवीस लागतील. पिशवीत एकोणीस आहेत, उरलेली पाच ताई आणणार आहेत.